वेगाचा सराव आणि मांडीमागच्या स्नायूची निगा: मोबाईलच्या कॅमेऱ्याने धाव मोजून आखणी कशी करावी

शंभर मीटर धावणारा मुलगा असो, खो-खोमध्ये पाठलाग करणारी मुलगी असो किंवा चढाई करून मध्यरेषेकडे झेपावणारा कबड्डीपटू असो, प्रत्येकाला दोन गोष्टी हव्या असतात. वेग वाढावा आणि ऐन हंगामात मांडीचा मागचा स्नायू ओढला जाऊन बाहेर बसण्याची वेळ येऊ नये. बहुतेक मैदानांवर या दोन्हींसाठी वेगवेगळी कामे केली जातात: वेगासाठी स्प्रिंट मारायचे आणि दुखापत टळावी म्हणून शेवटी पाच मिनिटे अंग ताणायचे. क्रीडा-जीवयांत्रिकीच्या, म्हणजे खेळताना शरीराच्या हालचाली आणि जोर मोजणाऱ्या शास्त्राच्या, गेल्या पंचवीसेक वर्षांतील संशोधनाने ही विभागणी टिकू दिलेली नाही. पाय जमिनीला टेकण्याच्या आगेमागे जे काही शतांश सेकंद असतात, त्यांतच वेग कमावला जातो आणि त्यांतच स्नायू फाटतो. म्हणून त्या क्षणासाठी शरीर तयार करणारा सराव दोन्ही कामे एकदम करतो. पुढील मार्गदर्शन ज्यांच्याकडे प्रयोगशाळा नाही, पण सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा मोबाईल, ३० मीटरची मोजपट्टी आणि चार बांबू आहेत अशा शाळा-क्लबांतील प्रशिक्षकांसाठी आहे.

वेग कोठून येतो

वेग म्हणजे पावलाची लांबी गुणिले दर सेकंदाला पडणारी पावले. हे सूत्र खरे असले तरी प्रशिक्षकाच्या फारसे उपयोगी पडत नाही, कारण लांबी आणि संख्या हे दोन्ही परिणाम आहेत. कारण पायाखाली, जमिनीवर दिल्या जाणाऱ्या जोरात आहे. पीटर वेयँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सेकंदाला सुमारे ६ मीटरपासून ११ मीटरपर्यंत सर्वोच्च वेग असलेल्या ३३ जणांना जोर मोजणाऱ्या ट्रेडमिलवर धाववले. सर्वांत संथ आणि सर्वांत वेगवान धावपटू आपापल्या कमाल वेगाने धावत असताना पाय हवेतून मागून पुढे आणण्यास जवळपास सारखाच वेळ घेतात, असे त्यात आढळले. फरक जमिनीवरच्या जोरात होता: वेगवान धावपटू स्वतःच्या वजनाच्या तुलनेत अधिक जोर देत होते. म्हणूनच मैदानावर सतत ऐकू येणारी ‘पाय भरभर हलव’ ही सूचना फार थोड्यांना उपयोगी पडते. पाय हलवण्याची घाई करणारा मुलगा बहुधा जमिनीला नुसता स्पर्श करून निघतो, तिला ढकलत नाही.

यामागचा हिशेब सोपा आहे. पाय टेकल्यापासून सुटेपर्यंत शरीर त्या पायावरून साधारण एक मीटर पुढे सरकते. उंचीनुसार हे अंतर थोडे कमीजास्त होते, पण एकाच धावपटूच्या बाबतीत फारसे बदलत नाही. सेकंदाला ८ मीटर वेग असेल तर एक मीटर सरकण्यास ०.१२५ सेकंद मिळतात. वेग ९ मीटर झाला की तेच अंतर ०.१११ सेकंदात संपते. म्हणजे वेग जसा वाढतो तशी जमिनीवर जोर देण्याची संधी आखूड होत जाते आणि त्या आखूड संधीत अधिक जोर द्यावा लागतो. बर्लिनमध्ये १६ ऑगस्ट २००९ रोजी ९.५८ सेकंदांचा विक्रम करताना उसेन बोल्ट यांनी ६० ते ८० मीटरचा टप्पा १.६१ सेकंदात, म्हणजे सेकंदाला सुमारे १२.४ मीटर वेगाने पार केला आणि सबंध शर्यतीत त्यांची अवघी ४१ पावले पडली. त्या वेगाला प्रत्येक पाय जमिनीवर एक दशांश सेकंदाहूनही कमी काळ टेकतो.

मैदानावरची मोजणी

धावण्याचा वेग टप्प्याटप्प्याने मोजण्याची कल्पना जुनी आहे. नोबेल विजेते शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात धावपटूच्या अंगावर चुंबकित पोलादी पट्टी बांधली आणि वाटेत तारेची वेटोळी उभी करून प्रत्येक टप्प्याचा वेळ विजेच्या साहाय्याने नोंदवला. त्या मोजणीला मोठी सिद्धता लागली होती. आज तितकीच उपयुक्त मोजणी मोबाईलवर होते, फक्त मांडणी काटेकोर हवी.

हातघड्याळाने हे काम करू नये. हाताने घेतलेल्या शंभर मीटरच्या वेळेची विद्युत वेळेशी तुलना करताना ०.२४ सेकंद मिळवण्याचा संकेत आहे, यावरूनच बोटाची चूक किती असते ते कळते. शंभर मीटरमध्ये ती खपून जाईल; पण आपल्याला मोजायचा आहे तो १० मीटरचा तुकडा, जो चांगला शालेय धावपटू सव्वा सेकंदात पार करतो. तेथे पाव सेकंदाची चूक म्हणजे सगळी मोजणीच वाया.

प्रथम कॅमेरा तपासावा. काही मोबाईल २४० फ्रेमचा दावा करतात, पण मधल्या फ्रेम स्वतः रचून भरतात. काही मोबाईल चित्रीकरण आठपट संथ करून साठवतात, त्यामुळे पडद्यावरची वेळ खरी नसते. दुसऱ्या मोबाईलवर स्टॉपवॉच चालू करून त्याचे दहा सेकंद चित्रीकरण करावे आणि एका सेकंदात खरोखर किती वेगळ्या फ्रेम मिळतात ते मोजून पाहावे. २४० मिळत असतील तर एक फ्रेम म्हणजे ०.००४२ सेकंद. नेहमीच्या ३० फ्रेमच्या चित्रीकरणात एक दशांश सेकंदाचा स्पर्श केवळ तीन फ्रेममध्ये येतो, आणि तीन फ्रेमवरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

आता धावपट्टीवर एक सरळ रेषा आखावी. धावपटूला वेग घेण्यासाठी ३० मीटर आणि त्यापुढे मोजणीचे १० मीटर ठेवावेत. मोजणीच्या पट्ट्याच्या बरोबर मध्यासमोर, रेषेपासून २० मीटर दूर, तिपाईवर किंवा खुर्चीवर कमरेच्या उंचीला मोबाईल स्थिर ठेवावा. तो हातात धरू नये आणि धावपटूबरोबर फिरवू नये. बांबू उभे करताना अनेकांची एक गफलत होते. बांबू धावण्याच्या रेषेवर उभे केले तर ते धावपटूला लागतील, म्हणून ते रेषेपासून एक मीटर अलीकडे, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला रोवावे लागतात. पण तेथे ते एकमेकांपासून १० मीटरवर ठेवले, तर कॅमेऱ्याच्या नजरेतून त्यांच्या आडून जाणारा धावपटू प्रत्यक्षात १० मीटरपेक्षा जास्त अंतर कापतो. समरूप त्रिकोणांच्या नियमाने कॅमेऱ्यापासून १९ मीटरवरच्या बांबूंमध्ये ९.५ मीटर अंतर हवे, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना ४.७५ मीटर. दहावीच्या भूमितीतला हा नियम पाळला नाही, तर पाच टक्क्यांची चूक होते, आणि पाच टक्के म्हणजे एका चांगल्या हंगामाची प्रगती.

धावपटूला पूर्ण तापवून, दोन धावांमध्ये किमान पाच मिनिटे विश्रांती देऊन, तीन धावा घ्याव्यात. चित्रीकरण एकेक फ्रेम पुढे नेत कमरेचा मध्य पहिल्या बांबूवर येण्यापासून दुसऱ्या बांबूवर येईपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. ३०० फ्रेम भरल्या तर वेळ १.२५ सेकंद आणि वेग सेकंदाला ८ मीटर. मोजण्यात एका फ्रेमची चूक झाली तरी ती पाव-अर्ध्या टक्क्याच्या आतच राहते. मातीची धावपट्टी असेल तर स्पाइक्सच्या खुणांवरून पावलाची लांबी मोजपट्टीने घ्यावी. मातीचा हा फायदा सिंथेटिक ट्रॅकवर मिळत नाही. लांबी १.९ मीटर असेल तर ८ भागिले १.९, म्हणजे सेकंदाला ४.२ पावले.

दुसऱ्या धावेसाठी मोबाईल रेषेपासून चार-पाच मीटरवर आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवावा. त्यात पाय टेकण्याची आणि सुटण्याची फ्रेम स्पष्ट दिसते. समजा, पाय ३० फ्रेम जमिनीवर आहे आणि एका पायाच्या टेकण्यापासून दुसऱ्या पायाच्या टेकण्यापर्यंत ५७ फ्रेम जातात. एवढ्या दोन आकड्यांवरून जमिनीवरचा सरासरी जोर काढता येतो. सपाट जमिनीवर एकसारख्या वेगाने धावताना शरीर सरासरीने वरही चढत नाही आणि खालीही जात नाही, म्हणजे पूर्ण पावलाच्या काळात जमिनीने दिलेला उभा जोर सरासरीने वजनाइतका असतो. मात्र हवेत असताना जमीन काहीच देत नाही. सगळी भरपाई पाय टेकलेला असतानाच करावी लागते. म्हणून ५७ भागिले ३० बरोबर १.९: स्पर्शाच्या काळात सरासरी जोर वजनाच्या १.९ पट. ६० किलो वजनाच्या मुलाच्या एका पायावर तो सुमारे ११४ किलोच्या भाराइतका येतो आणि स्पर्शाच्या मध्यावर क्षणभर वजनाच्या तिपटीजवळ जातो. तीन महिन्यांनी त्याचा स्पर्श २७ फ्रेमवर आला आणि पावलाचा काळ तोच राहिला, तर हे प्रमाण २.१ होते. जोर मोजणारी लाखो रुपयांची पाटी नसतानाही इतकी माहिती मिळते. प्रत्येक प्रशिक्षकाने हा आकडा आपल्या वहीत वजनाच्या आणि उंचीच्या शेजारी लिहावा, असे मला मनापासून वाटते.

फ्रेम थांबवून काय पाहावे

पाय जमिनीला टेकतो तीच फ्रेम थांबवावी, कारण चूक आणि धोका दोन्ही तेथेच दिसतात. पाऊल कमरेच्या किती पुढे पडले ते प्रथम पाहावे. थोडे पुढे पडणारच. पण पाऊल गुडघ्याच्याही पुढे फेकलेले, टाच आधी टेकणारी आणि गुडघा जवळजवळ सरळ असेल, तर धावपटू प्रत्येक पावलाला स्वतःला रोखतो आहे. त्याच फ्रेममध्ये दुसऱ्या पायाचा गुडघा कोठे आहे तेही पाहावे. चांगल्या धावपटूचा मागचा गुडघा त्या क्षणी टेकलेल्या पायाच्या गुडघ्याशी आलेला किंवा पुढे गेलेला असतो. तो बराच मागे रेंगाळत असेल, तर ते मागचा पाय उशिरा सुटत असल्याचे लक्षण आहे. तिसरी गोष्ट कमरेची: पोट पुढे आणि नितंब मागे काढून धावणाऱ्याचे ओटीपोटाचे हाड पुढे झुकते, आणि मांडीचा मागचा स्नायू याच हाडाला खालून जोडलेला असल्यामुळे तो धावण्यापूर्वीच ताणला जातो.

सुधारणा सांगताना सूचना थोड्या आणि शरीराबाहेरच्या असाव्यात. ‘गुडघा इतक्या अंशांत ठेव’ असे सांगितल्याने धाव आखडते. ‘जमीन खाली दाब आणि मागे टाक’ असे सांगितले की तीच सुधारणा आपोआप होऊ लागते. एका दिवशी एकच सूचना पुरे.

स्नायू कधी फाटतो

मांडीच्या मागे तीन स्नायूंचा गट असतो, ज्याला मैदानावर सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात. त्यांपैकी बाहेरच्या बाजूच्या स्नायूचा लांब भाग धावताना सर्वाधिक वेळा दुखावतो. पाय ढकलून निघताना तो फाटतो असा समज असला तरी जीवयांत्रिकीचे मोजमाप मुख्यतः दुसऱ्या क्षणाकडे बोट दाखवते. पाय हवेतून पुढे येतो, मांडी वर उचललेली असते, नडगी वेगाने पुढे फेकली जाते, आणि पाय टेकण्यापूर्वीच्या काही शतांश सेकंदांत हॅमस्ट्रिंगला तिला थांबवून मागे वळवावे लागते. सुसाट सुटलेल्या बैलांचा कासरा मागे खेचावा तसे हे काम आहे: स्नायू आवळतही असतो आणि त्याच वेळी लांबतही असतो. नितंब आणि गुडघा या दोन्ही सांध्यांवरून गेल्यामुळे त्याची लांबी याच क्षणी सर्वाधिक असते. धावपटूच्या हालचालीचे मोजमाप चालू असतानाच स्नायू दुखावल्याच्या दोन घटना २००५ आणि २००९ साली प्रसिद्ध झाल्या, आणि दोन्ही अभ्यासांतील विश्लेषणाने याच टप्प्याकडे निर्देश केला.

यातून तीन गोष्टी निघतात. वेग ८० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर जाताना स्नायूवरचा रोखण्याचा भार वेगाच्या वाढीपेक्षा कितीतरी जास्त वाढतो, म्हणून ८० टक्के वेगाच्या धावा कितीही मारल्या तरी पूर्ण वेगाची तयारी होत नाही. लांबत असताना जोर देण्याची ताकद ही वेगळी ताकद आहे आणि ती त्याच पद्धतीने कमवावी लागते. तिसरी गोष्ट अशी की नुसत्या स्थिर ताणाने संरक्षण मिळत नाही. धावण्याच्या आधी मिनिट-मिनिटभर धरलेला ताण उलट जोर थोडा कमी करतो. वॉर्मअपमध्ये हलके धावणे, पाय झुलवणे, गुडघे उचलत उड्या मारत पुढे जाणे आणि वेग चढवत नेलेल्या चार धावा असाव्यात.

नॉर्डिक व्यायाम

या विशिष्ट ताकदीसाठी सर्वाधिक तपासला गेलेला व्यायाम अगदी साधा आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. घडी घातलेल्या गादीवर गुडघे टेकून उभे राहावे, साथीदाराने दोन्ही घोटे घट्ट धरावेत, आणि गुडघ्यांपासून खांद्यांपर्यंत शरीर एका रेषेत ठेवून पुढच्या बाजूला शक्य तितके सावकाश झुकावे. स्नायू सोडून देईपर्यंत रोखून धरावे, मग हातांवर पडावे आणि हातांनी ढकलून पुन्हा वर यावे. कमरेत वाकणे ही सर्वांत मोठी चूक, कारण तसे केले की भार हॅमस्ट्रिंगवरून निसटतो.

डेन्मार्कमध्ये व्यावसायिक आणि हौशी फुटबॉलच्या ५० संघांतील ९४२ खेळाडूंवर केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा व्यायाम करणाऱ्या ४६१ जणांमध्ये हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या आणि न करणाऱ्या ४८१ जणांमध्ये ५२. आधी दुखापत झालेल्यांमध्ये फरक आणखी मोठा होता. पुढे २०१९ मध्ये आठ हजारांहून अधिक खेळाडूंचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही हा व्यायाम असलेल्या कार्यक्रमांनी हॅमस्ट्रिंगच्या दुखापती सुमारे निम्म्यावर आणल्याचे दिसले.

डेन्मार्कच्या अभ्यासातील दहा आठवड्यांचा क्रम असा होता. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन संच. दुसऱ्यात दोन दिवस, सहा-सहाचे दोन संच. तिसऱ्यात तीन दिवस, सहा ते आठचे तीन संच. चौथ्यात तीन दिवस, आठ ते दहाचे तीन संच. आणि पाचव्यापासून दहाव्यापर्यंत आठवड्याला तीन दिवस, बारा, दहा आणि आठ असे तीन संच. त्यानंतर हंगामभर आठवड्यातून एकदा. पहिल्या आठवड्याची संख्या फार कमी वाटते, पण ती मुद्दाम तशी ठेवली आहे. नवख्या स्नायूला लांबत काम करायला लावले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चांगलाच ठणका लागतो, आणि उत्साहाने पहिल्याच दिवशी तीस वेळा करायला लावणाऱ्या प्रशिक्षकाचे खेळाडू पुन्हा या व्यायामाचे नाव काढत नाहीत. युरोपातील चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणाऱ्या क्लबांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा बहुसंख्य क्लब हा कार्यक्रम पाळत नसल्याचे आढळले. इतका ठोस पुरावा असताना असे व्हावे याचे वाईट वाटते. तीन दिवस जमत नसतील तर सुरुवातीच्या दोन आठवड्यांनंतर आठवड्यातून एकदा चार-चारचे दोन संच तरी करावेत. इतक्या कमी प्रमाणातही स्नायूच्या तंतूंची लांबी आणि ताकद वाढू शकते, असे नंतरच्या संशोधनात दिसले आहे. आखूड तंतू आणि कमी ताकद ही जोडी धोक्याची असल्यामुळे ही वाढ महत्त्वाची आहे.

हा व्यायाम सरावाच्या शेवटी करावा आणि सामन्याच्या आदल्या दिवशी करू नये.

बाकीची ताकद

नॉर्डिकमध्ये हालचाल गुडघ्यात होते. नितंबाच्या सांध्यातून होणारी ताकद वेगळी कमवावी लागते. आपल्या तालमीतल्या जोर-बैठकांची परंपरा मोठी आहे आणि बैठकांनी मांडीचा पुढचा भाग उत्तम तयार होतो, यात शंका नाही. परंतु टाचा उचलून आणि गुडघे पुढे नेऊन काढलेल्या बैठकीत मागच्या स्नायूला फारसे काम मिळत नाही, आणि हजार बैठका काढणाऱ्या मुलाचाही हॅमस्ट्रिंग कच्चा राहू शकतो. त्यासाठी गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून, नितंब मागे ढकलत वजन नडग्यांपर्यंत खाली नेण्याचा आणि परत उभे राहण्याचा व्यायाम घ्यावा. बारबेल नसेल तर वाळूची घट्ट बांधलेली पिशवी चालते. तंत्र बसेपर्यंत हलके वजन आणि आठ-दहा आवर्तने. तंत्र बसल्यावर, वाढीची वर्षे सरलेल्या खेळाडूंसाठी, चार ते सहा आवर्तने जड वजनाने आणि भरपूर विश्रांतीने. याखेरीज एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम पायरीच्या कडेवर सावकाश वीस ते पंचवीस आवर्तनांपर्यंत न्यावा. पाय टेकल्यावर येणारा जोर सर्वप्रथम पोटरी आणि घोटा पेलतात. घोटा खचला की वरची सगळी ताकद जमिनीपर्यंत पोहोचतच नाही.

आठवड्याची आखणी

पूर्ण वेगाचे सत्र आठवड्यातून दोनदा ठेवावे आणि दोन सत्रांमध्ये किमान ४८ तास जाऊ द्यावेत. एका सत्रात उभ्या स्थितीतून ३० मीटरच्या चार ते सहा धावा घ्याव्यात. दुसऱ्या सत्रात ३० मीटर वेग चढवून पुढचे २० मीटर पूर्ण वेगाने, अशा तीन ते चार धावा असाव्यात. विश्रांतीचा ढोबळ नियम दर १० मीटरला एक मिनिट. ही विश्रांती पाहून अनेक पालकांना आणि काही प्रशिक्षकांनाही मुले नुसती बसून आहेत असे वाटते, पण दमलेल्या पायांनी मारलेली धाव वेग शिकवत नाही. कॅमेरा लावलेलाच असेल तर थांबण्याचा निर्णय आकड्यावर सोपवावा: १० मीटरला ३०० फ्रेम घेणाऱ्याच्या ३१० होऊ लागल्या, म्हणजे वेग तीन टक्क्यांनी घटला, की त्या दिवसाचे स्प्रिंट संपले.

दुखापतीच्या भीतीने स्प्रिंट टाळू नयेत, याबद्दल पुरावा स्पष्ट होत चालला आहे. आयर्लंडमधील गेलिक फुटबॉलच्या खेळाडूंवरील २०१७ च्या अभ्यासात, ज्यांना सरावात आपल्या कमाल वेगाच्या ९५ टक्क्यांपुढे बेताच्या प्रमाणात जावे लागत होते, त्यांना दुखापतीचा धोका कमी असल्याचे दिसले. अगदी कमी आणि अगदी जास्त ही दोन्ही टोके वाईट. धोका बहुतेकदा अचानक वाढवण्यात असतो: सुटीनंतर आल्या आल्या पूर्ण वेगाच्या दहा धावा, किंवा निवड चाचणीच्या आठवड्यात एकदम दुप्पट सराव.

सुरुवातीच्या वेगासाठी टायर ओढण्याची आपल्याकडची पद्धत चांगली आहे, फक्त भार किलोमध्ये ठरवू नये. तोच टायर गवतावर, मातीवर आणि सिंथेटिकवर वेगवेगळे घर्षण देतो. १० मीटरचा वेळ आधी मोकळा घ्यावा आणि मग टायरसह घ्यावा. वेग निम्म्याच्या आसपास उतरेल इतका भार धावपटूकडून सर्वाधिक शक्ती (जोर गुणिले वेग) काढून घेतो, असे संशोधन सांगते. त्याचा उपयोग १० ते १५ मीटरच्या मोजक्या ओढींसाठी, कमावलेल्या खेळाडूंनाच करू द्यावा. शाळकरी मुलांना वेग दहा-पंधरा टक्के उतरेल इतका भार पुरेसा होतो, आणि त्यांची पुढे झुकण्याची ढब बिघडली नाही ना, हे बाजूने चित्रीकरण करून पाहावे.

खो-खो आणि कबड्डीसाठी यात गुडघ्याची भर घालावी लागते. उडीनंतर किंवा दिशा बदलताना गुडघ्यातील पुढचा तिरका अस्थिबंध फाटतो तो पाय टेकल्यापासून सुमारे ४० सहस्रांश सेकंदांत; इतक्या वेळात सावध होऊन काही करणे कोणालाही शक्य नाही, म्हणून उतरण्याची सवय आधीच लावून घ्यावी लागते. ३० सेंटिमीटर उंचीवरून उतरताना समोरून चित्रीकरण करावे आणि गुडघे आत वळत असतील, विशेषतः मुलींमध्ये, तर एका पायावर उभे राहणे, उतरून स्थिर होणे आणि मग दिशा बदलणे हा क्रम वॉर्मअपमध्येच बसवावा. नॉर्वेतील १३ ते १७ वयाच्या १,८९२ फुटबॉलपटू मुलींवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा वीस मिनिटांच्या वॉर्मअपने एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या, आणि गंभीर दुखापतींतील घट त्याहून मोठी होती.

दुखापत झालीच तर

धावताना मांडीच्या मागे अचानक कळ आली तर धाव तेथेच थांबवावी, त्या दिवशी मालीश आणि ताण दोन्ही टाळावेत आणि डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून तपासणी करून घ्यावी. वाढीच्या वयातील मुलाला नितंबाच्या खाली, बसण्याच्या हाडाशी कळ आली असेल आणि चालणेही कठीण जात असेल, तर एक्स-रे काढणे आवश्यक आहे. या वयात स्नायूऐवजी हाडाचा तुकडाच ओढला जाऊन सुटतो, आणि त्यावरचे उपचार वेगळे असतात.

पुनरागमनाचा निर्णय कॅलेंडरवर सोडू नये. पूर्वीची दुखापत हे नव्या दुखापतीचे सर्वांत भरवशाचे पूर्वचिन्ह आहे, आणि दुखणे थांबणे व स्नायू तयार होणे यांमध्ये बरेच दिवस जातात. स्वीडनमधील ७५ फुटबॉलपटूंवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्नायू लांब स्थितीत असताना भार देणारे व्यायाम केलेले खेळाडू सरासरी २८ दिवसांत परतले, तर नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांना ५१ दिवस लागले. म्हणून परतीचा रस्ता तशाच व्यायामांतून, फिजिओच्या देखरेखीखाली, न दुखणाऱ्या मर्यादेत सुरू करावा. उताणे झोपून सरळ पाय वर उचलताना दोन्ही बाजू सारख्या वाटू लागल्या, दाबल्यावर दुखणे थांबले, की धावण्याकडे वळावे: आधी निम्मा वेग, मग ७० टक्के, मग ८० टक्के आणि त्यानंतर प्रत्येक सत्रात थोडी थोडी वाढ, एका पायरीवर दुखले तर एक पायरी मागे. टक्केवारी खेळाडूच्या अंदाजावर ठरवू नये, कारण ७० टक्के म्हणून धावणारी मुले प्रत्यक्षात बरीच वेगात असतात. दुखापतीपूर्वी ३०० फ्रेम घेणाऱ्याला ८० टक्के वेगाला ३७५ फ्रेम लागल्या पाहिजेत आणि ९५ टक्क्यांना ३१६. त्याच चित्रीकरणात दोन्ही पायांचा स्पर्शकाळ वेगवेगळा मोजावा. दुखऱ्या बाजूच्या फ्रेम दुसऱ्या बाजूपेक्षा सातत्याने दोन-तीनने वेगळ्या येत असतील, तर खेळाडू काहीही म्हणाला तरी तो अजून त्या पायाला सांभाळून धावतो आहे. हा फरक मिटल्यावर, वेगवेगळ्या दिवशीच्या दोन सत्रांत ९५ टक्क्यांच्या पुढचा वेग वेदनेशिवाय आल्यानंतरच त्याचे नाव संघाच्या यादीत लिहावे, आणि आठवड्यातून एकदाचा नॉर्डिक व्यायाम त्यानंतरही चालू ठेवावा.